जिभेखालचे थेंब : बाटली उघडण्याआधी

ऑक्टोबर लागला की आपल्या जिल्ह्यात शिंका सुरू होतात. सोयाबीन सोंगणीला आलेले असते. मळणीयंत्रातून उडणारा भुसा रस्त्याकाठच्या घरांवर बसतो. नाल्याच्या काठाने, शाळेच्या मागे, वस्तीतल्या मोकळ्या जागेत गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरून गेलेले असते. एकीकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला निघायची तयारी चाललेली असते आणि दुसरीकडे घरातले एखादे माणूस नाकाला रुमाल लावून बसलेले असते. उठल्याबरोबर वीस-वीस शिंका, डोळ्यांना खाज, नाकाला धार आणि रात्री छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. सर्दी आहे, जाईल, असे म्हणत आपण ते अंगावर काढतो. दिवाळीनंतर थोडे कमी होते, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

गेल्या वर्षी खामगाव तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही रविवारच्या वंदनेला गेलो होतो. वंदना आटोपल्यावर एक ताई आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी पिशवीतून औषधाचा एक लहान खोका काढला. आत तीन छोट्या बाटल्या होत्या. "हे औषध आहे का विष, तेवढं सांगा. मले तर काही समजून नाही राहिलं," त्या म्हणाल्या.

त्यांची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत होती तेव्हापासून तिला शिंकांचा त्रास, आणि दोन वर्षांपासून रात्री दम लागू लागलेला. कोणीतरी सांगितले की शहरात एक दवाखाना आहे, तिथे ॲलर्जी मुळापासून जाते. मायलेकी गेल्या. रक्त तपासले, तीस-चाळीस नावांचा एक कागद हातात आला आणि त्याबरोबर हा खोका. रोज सकाळी जिभेखाली थेंब टाकायचे, पोलिओच्या थेंबांसारखे समजा, याला काही साइड इफेक्ट नाही, असे तिथे सांगण्यात आले. त्या हंगामाची सोंगणीची सगळी मजुरी त्या खोक्यात गेली. घरी थेंब सुरू केले. तिसऱ्या दिवशी मुलीचे ओठ सुजले, जीभ आणि कानाच्या आत खाज सुटली, घशात काटे टोचल्यासारखे झाले. घरात रडारड झाली. तिला ग्रामीण रुग्णालयात नेले, तिथे इंजेक्शन दिले, दोन तास झोपवून ठेवले. सूज उतरली आणि संध्याकाळी मुलगी घरी आली. बाप बाटल्या उकिरड्यावर टाकायला निघाला होता, ताईंनी त्या लपवून ठेवल्या. पैसे गेले होते ना.

शेजारपाजारी चार मते पडली. एक मावशी म्हणाल्या, "जिभीखालची गोळी त हार्टवाल्याले देतात, या पोरीले कायले देली?" दुसरे कोणी म्हणाले, हे होमिओपॅथीचे असेल, त्याने काही होत नसते.

त्या दिवशी आमच्याकडे ताईंना द्यायला उत्तर नव्हते. नंतर डॉक्टरांना विचारले, वाचले. जे समजले ते या पानावर मांडतो आहोत, कारण असे खोके आता आपल्या बऱ्याच घरांत येऊ लागले आहेत. थोडक्यात सांगायचे तर बाटलीत विष नव्हते. औषध खरे आहे, जगभर वापरले जाते आणि बऱ्यापैकी सुरक्षितही आहे. पण त्या मुलीने ज्या दिवशी पहिला थेंब घेतला त्या दिवशी तो तिने घ्यायलाच नको होता. असे का, ते पुढे येईलच.

थेंबात असते तरी काय

हृदयविकाराच्या रुग्णाला छातीत दुखू लागले की जिभेखाली ठेवायला देतात ती गोळी वेगळी. तिचे काम रक्तवाहिन्या लगेच सैल करण्याचे. ॲलर्जीच्या थेंबांचा तिच्याशी काही संबंध नाही. होमिओपॅथीशीही नाही.

ॲलर्जी म्हणजे आपल्या शरीराच्या पहारेकऱ्याचा गैरसमज. गाजरगवताचे परागकण किंवा गोधडीतल्या धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे खरे तर कोणाचे काही बिघडवत नाहीत. पण काहींचे शरीर त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध एक खास प्रतिपिंड तयार करून ठेवते. तोच कण पुन्हा नाकात गेला की पेशी हिस्टामिन नावाचा पदार्थ सोडतात. मग शिंका, पाणी, खाज, सूज. छातीतल्या नळ्यांत हेच घडले की दमा.

बाटलीत तोच पदार्थ असतो ज्याची ॲलर्जी आहे. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर त्या किड्यांचा अर्क, परागाची असेल तर परागाचा. तो अगदी थोड्या मापाने, रोज, जिभेखाली एक-दोन मिनिटे धरून गिळायचा. जिभेखालच्या नाजूक त्वचेत अशा पेशी असतात ज्या बाहेरून आलेल्या वस्तूची शरीराला ओळख करून देतात. रोजच्या ओळखीने शरीर हळूहळू त्या वस्तूला शत्रू मानणे सोडते. यालाच काही जण ॲलर्जीची लस म्हणतात. पण पोलिओच्या थेंबांशी तुलना करणे चुकीचे आहे. ते थेंब कोणत्याही निरोगी बाळाला देता येतात. हे थेंब म्हणजे ज्या वस्तूने माणूस आजारी पडतो तीच वस्तू त्याच्या तोंडात ठेवणे, मग माप कितीही लहान असो. धोका आणि फायदा दोन्ही तिथूनच येतात.

इंजेक्शनाकडून थेंबांकडे

ही पद्धत नवी नाही. १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून या डॉक्टरांनी गवताच्या परागाचा अर्क सुईने टोचून परागज्वराच्या रुग्णांवर उपचार केले आणि ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. पुढची पाऊणशे वर्षे सुईचीच चलती होती. सुईने गुण येई, पण अधूनमधून एखाद्या रुग्णाचे सगळे शरीर एकदम भडकून उठे, रक्तदाब कोसळे, श्वास अडे. ब्रिटनमध्ये १९८६ साली औषध सुरक्षा समितीने जाहीर केले की १९५७ पासून अशा इंजेक्शनांनी २६ मृत्यू झाले होते. त्यानंतर तिथे नियम कडक झाले : जीव वाचवण्याची साधने हाताशी असतील तिथेच सुई द्यायची आणि नंतर रुग्णाला बसवून ठेवायचे.

म्हणजे जिभेखालच्या पद्धतीकडे डॉक्टर वळले ते मुख्यतः सुरक्षिततेसाठी. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सुईला पर्याय म्हणून ती मान्य केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये गवत व रॅगवीडच्या परागावरील जिभेखालच्या गोळ्यांना परवानगी दिली, २०१७ साली धुळीतल्या किड्यांवरील गोळीला. भारतात गोळ्यांपेक्षा थेंब जास्त चालतात. आपल्याकडच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ आणि २०१७ साली या उपचाराच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत.

सुरक्षिततेचा हिशेब असा आहे. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी जिभेखालच्या उपचारांचे ६३ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. तोंडाला खाज, ओठांना थोडी सूज, घशात खवखव अशा तक्रारी खूप होत्या, पण जिवावर बेतलेली घटना त्या अभ्यासांत नव्हती. जागतिक ॲलर्जी संघटनेच्या त्याच वर्षीच्या अहवालातही या उपचाराने मृत्यू झाल्याची नोंद नाही. सुईच्या २६ मृत्यूंशी हे ताडून पाहिले की फरक लक्षात येतो.

पण अभ्यासातले रुग्ण निवडून घेतलेले असतात. त्यांचा दमा तपासलेला असतो, तोंड पाहिलेले असते, कोणीतरी रोज विचारणारे असते. आपल्या वस्तीत थेंब येतात ते पिशवीतून, एसटीने, एका चिठ्ठीबरोबर. म्हणून अभ्यासातली सुरक्षितता आपल्या घरात आपोआप येत नाही.

पहिला थेंब घरी नाही

अमेरिकेत या गोळ्यांच्या पाकिटावर चौकटीत इशारा छापावा लागतो. त्यातली पहिली गोष्ट : पहिली मात्रा डॉक्टरांसमोर घ्यायची आणि त्यानंतर निदान तीस मिनिटे तिथेच बसायचे. ज्याला जोराची प्रतिक्रिया येणार असते त्याला ती बऱ्याचदा पहिल्याच मात्रेला, पहिल्या अर्ध्या तासात येते. तेव्हा ॲड्रिनालिनचे इंजेक्शन जवळ हवे. तिकडे घरी ठेवायला ॲड्रिनालिनची तयार पेनसारखी सुई लिहून देतात. आपल्याकडे ती सहसा मिळत नाही, म्हणून दवाखान्यातला तो अर्धा तास आपल्यासाठी आणखीच महत्त्वाचा.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारावे : पहिला थेंब तुमच्यासमोर देता का? ॲड्रिनालिन इथे आहे का? यात संकोच कसला? आपण पैसे मोजतो आहोत आणि आपल्या मुलीचा घसा आहे. "घरीच घ्या, काही होत नाही" असे उत्तर आले तर खोका तिथेच ठेवून उठलेले बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट दम्याची, आणि ती सर्वांत मोठी. ज्याचा दमा ताब्यात नाही त्याला हे थेंब सुरू करायचे नाहीत. ताब्यात नाही हे ओळखायचे कसे? आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस दिवसा दम लागतो, आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा ओढावा लागतो, दम्याने रात्री जाग येते, नेहमीची कामे दमामुळे सोडावी लागतात. यांतले काही असेल तर आधी दमा ताब्यात आणायचा, थेंबांचा विचार नंतर. आधीच आकसलेल्या श्वासनळीवर थोडी जरी प्रतिक्रिया आली तरी ती महागात पडते. ताईंच्या मुलीला त्या महिन्यात आठवड्यातून चार रात्री उठून बसावे लागत होते. दवाखान्यात तिला हे कोणी विचारले नव्हते.

आणि पंपाचे सांगायलाच हवे. आपल्या वस्तीत अजूनही समज आहे की पंपाची सवय लागते, मुलीच्या हातात पंप दिसला तर सोयरिक जमत नाही. म्हणून लोक पंप टाळतात आणि पांढऱ्या बारीक स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षे खातात. पंपातले औषध थेट छातीत जाते, अगदी कमी लागते. गोळी सगळ्या शरीरात फिरते; हाडे, साखर, डोळे सगळ्यांवर तिचा परिणाम होतो. मात्र अशी गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम सोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

तिसरी गोष्ट तोंडाची. तोंडात जखम, छाले, हिरड्यांतून रक्त, नुकताच काढलेला दात असे काही असेल तर जखम पूर्ण भरेपर्यंत थेंब बंद. फाटलेल्या त्वचेतून तो अर्क रक्तात लवकर आणि जास्त उतरतो. ताईंच्या मुलीची दाढ थेंब सुरू करायच्या चार दिवस आधी काढली होती. हे आम्ही विचारले तेव्हा मायलेकी एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण दाढेचा आणि शिंकांच्या औषधाचा काही संबंध असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

आपल्याकडे ही अट पुस्तकात दिसते त्याहून मोठी आहे. खर्रा, गुटखा, तंबाखू-चुना, आणि बाया पहाटे दातांना लावतात ती मशेरी. यांनी तोंडाच्या आतली त्वचा सोलून निघालेली असते, काहींचे तर तोंड पूर्ण उघडत नाही. परदेशातल्या अभ्यासात असे तोंड असलेले रुग्ण फारसे नसणारच. खर्रा खाणाऱ्या माणसाने जिभेखालचे थेंब मागण्याआधी डॉक्टरांना तोंड उघडून दाखवावे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तो दोन-तीन आठवड्यांत जात नसेल, तर शिंका राहू द्या, आधी त्या चट्ट्याचे पाहा.

रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांचेही सांगावे लागते. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल या जातीच्या गोळ्या चालू असतील तर मोठ्या प्रतिक्रियेत ॲड्रिनालिनचा उपयोग नीट होत नाही. अशा रुग्णाने थेंबांआधी गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांसमोर ठेवावे. मनाने गोळी बंद करू नये, त्यात वेगळाच धोका आहे. बाई गरोदर असेल तर नवीन सुरुवात करायची नाही.

काय चालते, काय चालत नाही

थेंब सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत तोंडात खाज, ओठाला हलकी सूज, कानात खाजवल्यासारखे होणे हे बऱ्याच जणांना होते, काही अभ्यासांत निम्म्याहून अधिक लोकांना झाले. ते सहसा तासाभरात जाते आणि काही दिवसांनी होईनासे होते. डॉक्टरांनी हे आधी सांगितले असते तर ताईंच्या घरी रडारड झाली नसती. पण त्यांनी मुलीला रुग्णालयात नेले हे योग्यच केले. घशात काटे टोचू लागले की घरी बसून वाट पाहायची नसते.

अंगभर गांधी उठणे, आवाज बदलणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, छातीत शिट्टी, उलट्या किंवा पोटात जोराची कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही दिसले तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथे पोचल्यावर पहिले वाक्य हे सांगा : ॲलर्जीचे थेंब घेतल्यावर झाले. मांडीत ॲड्रिनालिन लवकर मिळणे हा खरा उपाय. सिट्रिझिनची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. चक्कर येत असेल तर रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करा, दम लागत असेल तर टेकून बसवा. उभे करून चालवू नका.

आणखी एक तक्रार हळूहळू येते. काही महिन्यांनी घास गिळताना अडकतो, छातीत जळजळ राहते. अन्ननलिकेला ॲलर्जीची सूज आल्याचे ते लक्षण असू शकते. थेंब थांबवून डॉक्टरांना दाखवा.

थेंब चुकले तर? हा प्रश्न आपल्या लोकांना नेहमी पडणार. मजुरीला परगावी जाणे, नागपूरला दीक्षाभूमीवर, मुंबईला चैत्यभूमीवर जाणे, लग्नकार्य यांत खंड पडतोच. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीचेच थेंब घ्या, दुप्पट कधीही नाही. आठवडाभर किंवा जास्त खंड पडला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. २००८ साली युरोपातील वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्ण मुलीची नोंद आली होती. तिचे थेंब तिसऱ्या वर्षात व्यवस्थित चालू होते. मध्ये काही आठवडे खंड पडला आणि नंतर तिने एकदम ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब घेतले. ती बेशुद्धीच्या टोकाला गेली. दोन वर्षे काही झाले नाही म्हणून तिसऱ्या वर्षी होणार नाही असे नसते.

बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते, दोन ते आठ अंश तापमानात. माठाशेजारी किंवा ओल्या फडक्यात ठेवून ते जमत नाही. बुलडाणा शहर घाटावर आहे, तिथली हवा थोडी थंड. पण खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बाटली ठेवली तर अर्काची ताकद जाते. मग तीच मात्रा नव्या ताज्या बाटलीतून घेतली की शरीराला ती एकदम जोराची वाटू शकते. म्हणून नवी बाटली उघडताना, आणि कंपनी बदलली तर नक्कीच, डॉक्टरांना विचारा. एका कंपनीच्या थेंबाची ताकद दुसरीच्या थेंबाइतकी असतेच असे नाही.

तीस-चाळीस नावांचा कागद

ताईंच्या खोक्यातला तो कागद आम्ही पाहिला. वांगी, तूरडाळ, गहू, दूध, झुरळ, कापूस, कुत्र्याचे केस असे काय काय त्यात होते. समोर आकडे. मुलीने डाळ-पोळी सोडली होती, महिनाभर भात आणि मीठ खाऊन राहिली होती. वजन उतरले, शिंका तशाच.

रक्तात प्रतिपिंड सापडणे म्हणजे त्या वस्तूने त्रास होतोच असे नाही. त्रास कधी, कुठे, कशाने होतो याची माहिती आधी घ्यायची आणि तपासणी तिच्याशी जुळवून पाहायची. चांगला तज्ज्ञ बहुधा हाताच्या त्वचेवर थेंब ठेवून बारीक टोचणी करतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांधी मोजतो. त्याआधी काही दिवस सिट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. तपासणीआधी तुम्हाला कोणी हे विचारलेच नाही तर समजून घ्या. आणि एकाच बाटलीत दहा-बारा अर्क मिसळलेले असतील तर कशासाठी, हे विचारा. जिभेखालच्या उपचाराचा भक्कम पुरावा आहे तो मुख्यतः एका वेळी एकाच वस्तूचा अर्क दिलेल्या अभ्यासांतून.

कारण शोधल्याशिवाय औषध सुरू करण्याची घाई आपल्या जिल्ह्याने अलीकडेच पाहिली आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस गळू लागले तेव्हा कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. तोवर किती घरांनी किती तेले आणि लेप विकत घेतले असतील कोणास ठाऊक.

थेंब कशावर चालत नाहीत हेही माहीत हवे. वर्षभर अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधींवर नाहीत. गाजरगवत उपटल्यावर हाता-मानेची त्वचा काळी पडून चिघळते त्यावरही शिंकांचे हे थेंब कामाचे नाहीत. ती ॲलर्जी त्वचेला स्पर्शाने होणारी, वेगळ्या जातीची. गाजरगवत आपल्या देशात पहिल्यांदा नजरेत आले ते पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सांगतात. पुढे त्याने होणारा त्वचारोगही पुण्याच्याच त्वचारोगतज्ज्ञांनी सत्तरच्या दशकात जगापुढे मांडला. ते उपटायचे ते फुलावर येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना, हातांत मोजे आणि तोंडाला रुमाल बांधून. ज्याला दमा किंवा त्या गवताने खाज आहे त्याने उपटायला जाऊ नये. वस्तीच्या श्रमदानात हे काम ऑगस्टमध्ये धरले तर ऑक्टोबरच्या शिंका थोड्या कमी होतील. लोणार सरोवराच्या काठाने माजलेली वेडी बाभूळही परागाच्या त्रासासाठी ओळखली जाते, पण तिचे आपल्या हातात तेवढे नाही.

पैशाचे गणित तीन वर्षांचे आहे

थेंबांचा गुण यायला काही महिने लागतात आणि उपचार निदान तीन वर्षे चालवावा लागतो. लंडनच्या संशोधकांनी २०१७ साली गवताच्या ॲलर्जीवर एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यांनी दोन वर्षे उपचार करून थांबवले आणि एका वर्षाने पाहिले तर टिकणारा फायदा उरला नव्हता. म्हणजे दीड-दोन वर्षांनी पैसे संपले म्हणून सोडून दिले तर आधीचे पैसेही बुडाल्यासारखेच. दवाखान्यात जाण्याआधी एका महिन्याचा खर्च विचारा, त्याला छत्तीसने गुणा, त्यात एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरा. हा आकडा झेपत नसेल तर सुरू न करण्यात काहीही कमीपणा नाही. एका वर्षात काहीच फरक पडला नाही तर पुढे चालू ठेवण्यातही अर्थ नाही.

आणि बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही. नाकात रोज मारायचा स्टिरॉइडचा फवारा नीट, रोज आणि हंगामाच्या आधीपासून वापरला तर शिंका आणि बंद नाक बऱ्यापैकी आटोक्यात येते. आपले लोक तो दोन दिवस मारतात, फरक नाही म्हणून ठेवून देतात. त्याला आठवडा-दोन आठवडे द्यावे लागतात. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला मारायचा, म्हणजे रक्त येत नाही. दमा असेल तर रोजचा पंप. ही औषधे सरकारी रुग्णालयात आहेत का ते आधी विचारा. आपल्या जिल्ह्यातून लोक अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जातात. तिथल्या कान-नाक-घसा आणि छातीच्या विभागात दाखवल्याशिवाय खासगी खोक्यावर मजुरी घालवू नये.

घरात गोधड्या, चादरी आठवड्याला कडक उन्हात टाका, उशीची खोळ गरम पाण्यात धुवा. ओली भिंत असेल तर खाट तिच्यापासून दूर ठेवा. चुलीचा धूर, डासांची कॉइल आणि अगरबत्ती यांनी ॲलर्जी होत नसली तरी सुजलेले नाक आणि छाती भडकते. विहारात दहा-दहा अगरबत्त्या एकदम लावल्या जातात तेव्हा मागे बसलेल्या दमेकऱ्यांना उठून बाहेर जावे लागते. एखादी मेणबत्ती आणि फुले पुरेत, असे आम्ही आमच्या विहारात सुचवले. काही ज्येष्ठांना ते रुचले नाही. आता दार-खिडक्या उघड्या ठेवून दोनच लावतात.

ताईंच्या मुलीचे पुढे असे झाले. आधी तिचा दमा ताब्यात आणायला पंप सुरू झाला, त्याला जवळजवळ चार महिने गेले. डाळ-पोळी पुन्हा सुरू झाली. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्वचेवरची तपासणी करायला सांगितली, तीत धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी ठळक निघाली. जुन्या तीन बाटल्यांत काय-काय मिसळले आहे याचा नीट पत्ता लागेना, त्यामुळे त्या टाकाव्या लागल्या. नवे थेंब सुरू करायचे की फवारा आणि पंपावर अजून एक हंगाम काढायचा, हे डॉक्टरांनी मायलेकींवर सोडले. त्यांनी छत्तीसने गुणाकार केला आणि तूर्त फवारा-पंपावर राहायचे ठरवले. या ऑक्टोबरमध्ये ती रात्री फक्त दोनदा उठली.